बॅकग्राऊंडवाल्यांचं निवेदन

आमदाराला निवेदन द्यायला गेलं की काम होईल याचा भरवसा नाही, पण किस्सा मात्र हमखास मिळतो. मी आणि माझ्या ऑफिसातल्या दोन माणसांनी एकाच मागणीसाठी इतक्या जणांचे उंबरे झिजवले की मागणी एका पानाचीच राहिली आणि किस्से पोतंभर झाले. मित्र बसले की फर्माईश सुरू होते. "भाऊ, तो फ्लेक्सचा सांगा." "भाऊ, तो पुण्याचा होऊन जाऊ द्या." मी सांगतो, ते हसतात, आणि मग कोणीतरी विचारतोच, "पण भाऊ, तुमी गेलेच काऊन होते तिकडं?" मग पुन्हा पहिल्यापासून सांगणं आलं. म्हणून आज पहिल्यापासूनच सांगतो. मधे बोलू नका.

आमचं ऑफिस बुलढाण्यात, बसस्टँडजवळ, झेरॉक्सच्या दुकानाच्या वरच्या खोलीत. काम बॅकग्राऊंड व्हेरिफिकेशनचं. आपल्या जिल्ह्यातल्या पोट्ट्याला पुण्या-मुंबईच्या कंपनीनं नोकरी देऊ केली की कंपनी आधी खात्री करते. घरचा पत्ता खरा आहे का, डिग्री खरी आहे का, पोलिसांत काही नोंद आहे का. पुण्याची मोठी एजन्सी हे काम घेते आणि बुलढाणा जिल्ह्यापुरतं आमच्या गळ्यात बांधते. सगळं नीट असलं तर रिपोर्ट ग्रीन. काही निघालं तर रेड. रेड म्हणजे नोकरी गेली समजा.

ऑफिसात आम्ही तिघं. एक मी. दुसरे रज्जाकभाई, नांदुऱ्याचे. आधी कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर होते, आता मोटरसायकलवर गावोगाव फिरून पत्ते तपासतात. तिसरी संगीता इंगळे. वकिलीची परीक्षा पास झाली, पण कोर्टातल्या तारखांना कंटाळून आमच्याकडे आली. वयानं आमच्यापेक्षा लहान, तरी आम्ही तिला ताई म्हणतो. ती एकदा चिडलेली पाहिली असती तर तुम्हीपण म्हटलं असतं.

आणि एक गोष्ट स्पष्टच सांगतो. शेती जशी बसत गेली तसं आमचं काम वाढत गेलं. बीटी कपाशी आली तेव्हाची पहिली वर्षं बरी होती, पोट्टे वावरात रमले होते. पुढं बोंडात गुलाबी अळी निघायला लागली, भाव बसला, आणि ज्याच्या हातात डिग्री होती त्यानं पुण्याची गाडी धरली. त्याच्या मागून त्याची फाइल आमच्या टेबलावर. धंदा वाढला म्हणून लोक अभिनंदन करायचे, आणि मला खरंच वाईट वाटायचं.

*

त्या दिवसांतला हा रज्जाकभाईंचा किस्सा. नांदुऱ्याकडच्या एका गावात विशाल नावाच्या पोराचा पत्ता तपासायला गेले. पारावर गाडी लावली आणि आमच्या शिरस्त्याप्रमाणे म्हणाले, "रामराम मंडळी. मी कंपनीकडून आलो, व्हेरिफिकेशनसाठी."

आता त्या गावात कंपनी म्हणजे एकच. बियाण्याची कंपनी! सगळा पार उठून उभा राहिला.

"कंपनीचा मानूस सापडला बे. जाऊ देऊ नका."

रज्जाकभाईंना धरून सरळ वावरात नेलं. एका म्हाताऱ्यानं बोंड फोडून त्यांच्या नाकासमोर धरलं. "अळी लागनार नाही म्हनलं होतं न तुमी? मंग हे काय हाये? पाव्हनी आली का?"

"काका, मी त्या कंपनीचा नाही. मी काँप्युटरच्या कंपनीकडून आलो."

"काँप्युटरची असो नाही तं शिलाई मशीनची. कंपनी ते कंपनी. तुमी लिवा."

रज्जाकभाईंनी लिहिलं. तासाभरानं घशाला कोरड पडल्यावर हळूच विचारलं, "काका, इथं विशाल नावाचा पोरगा कोन्ता?"

"विशाल? तो तं माहाच पोरगा. पुन्याले गेला. अरे बापा, मंग आधी सांगाचं न!"

मग चहा झाला, जेवण झालं, निघताना पिशवीत भुईमुगाच्या शेंगा आल्या. संध्याकाळी पुण्याहून एजन्सीच्या मॅडमचा फोन. "रिपोर्टमध्ये लिहिलंय, पत्ता खरा, वडील भेटले, कापूस पूर्ण गेला. हे शेवटचं कशासाठी?"

रज्जाकभाई म्हणाले, "मॅडम, तेबी व्हेरिफाय केलं."

*

आता वर्षाचं सांगतो, कारण निवेदनाचं मूळ तिथं आहे.

जानेफळची वर्षा. बी.एस्सी. कॉम्प्युटर. पुण्याच्या कंपनीनं तिला निवडलं होतं. फाइल आमच्याकडं आली आणि मी खूश. पत्ता जुळतो, मार्कशीट जुळतात, जन्मतारीख जुळते, आडनावाची वेलांटीसुद्धा जुळते. इतकी साफ फाइल आमच्याकडं क्वचित येते.

मग पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला आला. गुन्हा दाखल. रस्ता अडवणं, जमाव जमवणं वगैरे.

भानगड अशी की, वर्षा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना कापसाच्या भावासाठी रास्ता रोको झाला होता. गावातल्या बायकांसोबत तीही रस्त्यावर बसली. पोलीस नावं लिहायला आले. मंडळी हुशार. एकानं स्वतःच्या साडूचं नाव सांगितलं. एकानं वारलेल्या आज्याचं. वर्षाच्या आईनं माहेरचं नाव सांगून टाकलं. वर्षानं मात्र स्वतःचं नाव, बापाचं नाव, आडनाव, गाव, कॉलेज आणि वर्ग, सगळं सांगितलं. शाळेत हजेरी देतात तसं.

पुढं सरकारनं असे खटले मागे घेतले. कोर्टानंही परवानगी दिली. प्रकरण संपलं. पण दाखल्यात ओळ येते ती अशी, की गुन्हा दाखल होता, खटला मागे घेण्यात आला. कंपनीचा काँप्युटर पहिले तीन शब्द वाचतो आणि रेड दाखवतो. पुढचं वाचायचा त्याला कंटाळा येत असावा.

वर्षा आईला घेऊन बसनं बुलढाण्याला आली. आमच्या जिन्यावर त्या दोघींचा आवाज ऐकला तेव्हा मला वाटलं, आता रडारड होणार. तसं काही झालं नाही. तिनं खुर्चीवर बसून विचारलं, "सर, मी फॉर्ममधी खोटं काय लिवलं?"

"काहीच नाही."

"रस्त्यावर खोटं काय सांगतलं?"

"काहीच नाही."

"मंग ज्यायनं खोटं सांगतलं त्याइचे पोट्टे कामाले लागले, अन मी घरी. असं काऊन?"

मी तिच्यासमोरच कंपनीच्या एचआरला फोन केला. बाई सज्जन होत्या, म्हणाल्या, नवा साफ दाखला आला तर घेऊ, डिसेंबर संपेपर्यंत जागा धरून ठेवते, त्यापुढं माझ्या हातात नाही. त्याच आठवड्यात पुण्याच्या एजन्सीनंही कानावर घातलं, की बुलढाण्याकडचे असे रेड वाढलेत, एक-दोन कंपन्या म्हणतायत तिकडची पोरंच नकोत.

त्या दिवशी संगीताताईनं एका पानावर मागणी लिहिली. आंदोलनाचा जो खटला सरकारनंच मागे घेतला, त्याची ओळ दाखल्यात येऊ नये. आमदारांनी हे सभागृहात मांडावं. बस्स, इतकंच. वाचून दाखवल्यावर ती म्हणाली, "भाऊ, हे होईपर्यंत मी काही सोडत नाही." मी म्हटलं, मीही नाही. रज्जाकभाईंनी गाडीत पेट्रोल टाकलं.

*

पहिले आमदार बुलढाण्याच्या रेस्ट हाऊसवर आले होते. शेजारच्या हॉलमध्ये त्यांचा सत्कार. आम्ही दारात उभे राहिलो. पीए घाईत आला.

"कोण तुम्ही?"

मी म्हटलं, "बॅकग्राऊंड व्हेरिफिकेशनचं..."

"बॅकग्राऊंडवाले का! अहो किती उशीर? साहेब निघाले तिकडून. चला, स्टेजवर चला."

स्टेजवर फ्लेक्सची गुंडाळी पडलेली, आणि फ्लेक्सवाल्याचा पत्ता नाही. मी खुलासा करायला तोंड उघडलं तर ताईनं कोपर मारलं. "भाऊ, चूप राहा. सोताच स्टेजवर नेऊन राह्यला तो."

मग काय, बांधला. रज्जाकभाई शिडीवर, मी खाली सुतळी धरून, ताई लांबून सांगतेय, "डावीकडून वर घ्या, साहेब तिरपे दिसून राह्यले." आयुष्यात पहिल्यांदा आम्ही कोणाचं बॅकग्राऊंड अक्षरशः उभं केलं.

साहेब आले. फ्लेक्सकडं बघून खूश झाले. "छान झालंय. कोणी केलं?" पीएनं आमच्याकडं बोट दाखवलं. ताई तयारच होती. पुढं होऊन निवेदन हातात दिलं. "साहेब, एवढं बघा. पोरांच्या नोकरीचा प्रश्न आहे."

साहेबांनी कागद न उघडता पीएकडं दिला आणि म्हणाले, "यांचं बिल या आठवड्यात काढून टाका."

आमचं निवेदन मंडपवाल्याच्या बिलांत गेलं. आठ दिवसांनी पीएचा फोन आला, की तुमच्या बिलावर रक्कमच लिहिलेली नाही.

*

दुसरे होते विधान परिषदेतले. शिकलेला माणूस, शांत. त्यांनी पूर्ण पान वाचलं, चष्म्यावरून आमच्याकडं पाहिलं आणि विचारलं, "यात तुमचा फायदा काय?"

मी छाती काढून म्हटलं, "काहीच नाही साहेब."

"मग मी विश्वास कसा ठेवू? फायदा नसताना माझ्याकडे कोणी येत नाही."

रज्जाकभाईंनी सांभाळलं. "साहेब, भाऊ लाजून राह्यले. फायदा हाये. पोट्टे नोकरीले लागले तं आमाले काम हाये. कंपन्यायनं जिल्ह्यावरच काट मारली तं मी पुन्हा जिनिंगच्या काट्यावर, अन जिनिंगमधी कापूसच नाही."

"हां. आता पटलं." त्यांनी तिथंच सरकारला पत्र लिहिलं, आमचं पान जोडलं आणि पाठवून दिलं.

आम्ही आनंदात. संगीताताईनं ऑफिसात पेढे वाटले. मी म्हटलं, पेढ्याची घाई करू नको. महिन्याभरात सरकारी उत्तर आलं. आमच्या पानात कापूस हा शब्द दोनदा आला होता, म्हणून कोणीतरी ते पत्र शेतीच्या खात्याकडं सरकवलं होतं. उत्तरात कळवलं होतं, की गुलाबी बोंडअळीच्या बंदोबस्तासाठी शेतात कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासानं नर पतंग पकडणारे सापळे, लावावेत. सोबत माहितीपत्रक.

ताईनं ते दोनदा वाचलं. तिचा चेहरा पाहून मी पाण्याचा ग्लास पुढं केला. रज्जाकभाई म्हणाले, "ताई, रागावू नका. आपन काम मागतलं, त्यायनं कामाचा गंध पाठवला. पुढच्या वेळी काम येईन."

*

पुण्यात आमच्या धंद्यातल्या एजन्सीवाल्यांची बैठक झाली. मोठमोठ्या एजन्सी, एसी हॉल, बाटलीतलं पाणी. सगळे मिळून मुंबईला आमदारांना भेटायला जाणार होते आणि त्यासाठी मागण्या ठरवायच्या होत्या. मोठ्या लोकांच्या मागण्याही मोठ्या. रेकॉर्ड ऑनलाइन पाहायला मिळावं, दाखला लवकर मिळावा, उमेदवाराच्या संमतीचा एकच नमुना असावा. चुकीचं काही नव्हतं. सगळं चालू होतं इंग्रजीत.

आमची पाळी आली. रज्जाकभाई उभे राहिले. "साहेब, आमचं म्हननं असं हाये का, ज्या पोट्ट्याइच्या केसेस सरकारनं सोताच मागं घेतल्या, त्या दाखल्यात काऊन लिवून राह्यले? वावरात कापूस नाही पिकून राह्यला, अन पोट्ट्याले नोकरी नाही भेटून राह्यली. मंग त्यानं जावं कोठं?"

अध्यक्ष फार अदबीचे होते. म्हणाले, "आपण मराठीत बोललात तरी चालेल."

माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. ताई खुर्चीवरून अर्धी उठली. पण रज्जाकभाईंनी हात जोडले आणि म्हणाले, "मराठीच हाये साहेब. लय लांबून आली, म्हनून जराशी थकली."

हॉल हसला, अध्यक्षही हसले, आणि आमची मागणी यादीत घेतली. सगळ्यांत शेवटी. वेळ मिळाला तर मांडू म्हणाले. ताईनं उत्तर दिलं, "तुम्हाला वेळ मिळेपर्यंत पोरगी घरी बसेल. वेळ आम्ही काढतो."

परतीच्या गाडीत तिनं सगळी यादी पुन्हा वाचली. मग म्हणाली, "भाऊ, आपण नागपूरला जाऊ. वर्षालाच सोबत नेऊ."

*

नागपूरला जायच्या आधी एक प्रसंग घडला, तो मी हसवायला सांगत नाही.

वर्षाला आणि तिच्या आईला घेऊन आम्ही पोलिसांच्या ऑफिसात गेलो होतो. तिथले साहेब भले माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि खुर्ची जवळ ओढून म्हणाले, "नियम मी बदलू शकत नाही. पण एक वाट आहे. पोरीनं अर्ज द्यावा, की मी तिथं नव्हतेच, नाव चुकून घेतलं गेलं. मी वर पाठवतो. होऊन जाईल."

मी ताईकडं पाहिलं. ताईनं मान खाली घातली. वाट सोपी होती. वर्षाच्या आईच्या तर डोळ्यांत पाणीच आलं. "लिवून दे बाई. देवानं ऐकलं. नोकरी महत्त्वाची."

वर्षानं पेन हातात घेतला. कागद पुढं घेतला. आणि तसाच परत सरकवला.

"सर, मी तं होती तिथं."

"अगं, ते आपल्याला माहितीये. कागदावर काय लिहायचं ते सांगतोय."

"कागदावरबी मी होतीच." मग ती माझ्याकडं वळली. "भाऊ, लोक खोटं लिवतात का ते पाहाचं तुमचं काम न? मंग मले खोटं लिवाले लावता का? अन मी नव्हती म्हनली, तं कापसाले भाव मांगनं गुन्हा होता असं नाही का होत?"

तिची आई कपाळावर हात मारून बाहेर जाऊन बसली. साहेबांनी पेन परत खिशाला लावला. मग त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, "जा बेटा नागपूरला. हे वरूनच व्हायला पाहिजे."

खाली आल्यावर मी वर्षाला उसाचा रस पाजला. मला तिचा अभिमान वाटला आणि भीतीपण वाटली, दोन्ही एकदम.

*

नागपूर. नांदुऱ्याहून रेल्वेनं निघालो. रज्जाकभाईंनी घरून पराठे आणले होते. डिसेंबरातल्या अधिवेशनाचे शेवटचे दिवस, म्हणजे वर्षाच्या जागेचेही शेवटचेच. आमदार निवासाच्या गेटवर ही गर्दी. आमचे पास तयार होते, पण शिपायानं रज्जाकभाईंना बाजूला काढलं. पासवर नाव रज्जाक, आधारवर रझाक आणि लायसनवर रज्जाख.

"यातला खरा कोणता?"

"तिघंबी मीच."

"असं नाही चालत. व्हेरिफिकेशन करावं लागेल."

संगीताताई तोंडाला पदर लावून हसायला लागली. मी म्हटलं, हवालदारसाहेब, आमचं कामच व्हेरिफिकेशनचं आहे. तो म्हणाला, "मग तर तुम्हाला जास्त समजायला पाहिजे."

त्यानं रज्जाकभाईंच्या घरचा नंबर घेऊन फोन लावला. भाभींनी उचलला. स्पीकर चालू.

"रज्जाक नावाचे तुमचे कोण?"

"मालक हायेत."

"कुठं आहेत ते?"

"नागपूरले गेले, कामावर."

"काय काम करतात?"

भाभींनी जे माहीत होतं ते सांगितलं. "लोकाइच्या घरी जातात, त्याची सगळी माहिती काढतात, अन गुपचूप वर कळवतात."

शिपाई ताठ झाला. फोन बंद केला, टाचा जुळवल्या आणि रज्जाकभाईंना कडक सलाम ठोकला. "सर, आधी सांगायचं ना. साध्या कपड्यात ओळखू नाही आले."

रज्जाकभाईंनी मान हलवली आणि आत शिरले. त्यांच्या मागून आम्ही.

*

आणि हा शेवटचा. आमदार निवासातला.

आमदार आपल्याच भागातले. मतदारसंघ विचारू नका, पक्षही विचारू नका. खोलीत कार्यकर्ते, चहाचे ग्लास, पलंगावर वर्तमानपत्रं. साहेब नुकतेच सभागृहातून आले होते. मोजे काढता काढता म्हणाले, "बोला, काय काम?"

ताईनं दोन मिनिटांत सगळं सांगितलं. इतकं नेमकं ती कोर्टात बोलली असती तर आज मोठी वकील झाली असती. साहेबांनी ऐकलं, निवेदन टीपॉयवर ठेवलं आणि त्यावर चहाचा ग्लास ठेवला.

"विषय चांगला आहे. पण बघा, आता दोन दिवस राहिले अधिवेशनाचे. पुढच्या अधिवेशनात घेऊ."

"साहेब, पुढच्या अधिवेशनापर्यंत हिची नोकरी राहत नाही," मी म्हटलं.

"अहो, एका नोकरीचं काय घेऊन बसलात. दुसरी मिळेल."

"दुसऱ्या कंपनीतबी हाच दाखला लागतो सर," वर्षा म्हणाली. खोलीत आल्यापासून ती पहिल्यांदा बोलली.

साहेबांनी तिच्याकडं पाहिलं. "तूच का ती? कोणत्या रास्ता रोकोतली केस आहे तुझी?"

वर्षानं गाव सांगितलं, रस्ता सांगितला, हंगाम सांगितला.

साहेब एकदम खुलले. मांडीवर थाप मारली. "अगं, तो तर माझा रास्ता रोको! मीच बसलो होतो ना त्या रस्त्यावर. भर उन्हात. पोलीस म्हणाले उठा, मी म्हटलं कापसाला भाव दिल्याशिवाय उठत नाही. विचार यांना." कार्यकर्त्यांनी माना हलवल्या. "आजही प्रत्येक भाषणात मी ते सांगतो. शेतकऱ्यांसाठी केस अंगावर घेतलेला माणूस आहे मी. लोकांनी उगाच निवडून नाही दिलं."

मला वाटलं, चला, जमलं. ज्याचं जळतं त्याला कळतं. मी ताईकडं पाहिलं, तर ताई वर्षाकडं पाहत होती.

वर्षा जरा विचारात पडल्यासारखी दिसली. अगदी अदबीनं म्हणाली, "सर, मी सकाळपासून रस्ता मोकळा होयेपर्यंत तिथंच होती. तुमी कोन्या बाजूले बसले होते?"

"पुढं. पुढंच होतो मी."

"पुढं तं आमी बाया होतो सर."

एका कार्यकर्त्याला खोकला आला. साहेब म्हणाले, "मग मागं असेन. गर्दी होती. एवढं लक्षात राहतं का?"

"हो सर, गर्दी तं होती." वर्षानं मान हलवली. "पन सर, केसमधी तुमचं नाव नाही. कोर्टात पुकारा व्हायचा तवा मी सगळे नावं आयकले. तुमचं एकदाबी नाही आलं."

मी रज्जाकभाईंचा हात धरला, कारण त्यांचे ओठ हलायला लागले होते. पीए म्हणाला, "चला, साहेबांना मीटिंग आहे." साहेबांनी हातानंच त्याला थांबवलं.

"पोलिसांनी लिहिलं नसेल माझं नाव," साहेब हळू आवाजात म्हणाले.

"असू शकते सर." वर्षा उठून उभी राहिली. आवाजात राग नाही, टोमणा नाही. वर्गात शंका विचारावी तशी ती बोलली. "मंग सर, एक काम करा न. माहं नाव तिथून काढा, अन त्या जागी तुमचं टाकून द्या. तुमाले भाषनात कामी येईन. मले नडून राह्यलं."

मग साहेबांनी टीपॉयवरच्या निवेदनावरून चहाचा ग्लास उचलला, कागदावरचं ओलं गोल रुमालानं पुसलं आणि पीएकडं हात केला.

"पेन दे," ते म्हणाले.